शोरूममध्ये लाजू नका, ड्रॉवर उलटा करून बघा

२०१९ ला आम्ही भाड्याचं घर सोडून पुण्यात सिंहगड रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हौसेने एक तीन दरवाज्यांचं कपाट घेतलं, अक्रोडाचा रंग, मधल्या दाराला आरसा, दिसायला एकदम झकास, आणि सेलमध्ये होतं म्हणून जरा जास्तच झकास वाटलं. दोन पावसाळे गेले आणि खालची फळी, जिथे फरशी पुसताना ओलं फडकं लागतं ना तिथेच, चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. तिसऱ्या वर्षी एका दाराची बिजागरी स्क्रूसकट हातात आली आणि मागच्या भोकातून अर्धी मूठ भुसा खाली. मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी त्या भोकात नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, ह्यात स्क्रूला धरायला काही नाहीच, तो बिचारा काय करणार?" मग मी जुनं बिल शोधून काढलं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, वॉलनट फिनिश, इंजिनियर्ड वूड. दुकानदाराने काहीच लपवलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं.

त्यानंतर डायनिंग टेबल, पलंग, सोफा, बहिणीच्या नव्या घराचं सामान असं बरंच घेणं झालं आणि प्रत्येक वेळी मी त्याच मिस्त्रींना प्रश्न विचारून भंडावलं. मी सुतार नाही, आयटीत कीबोर्ड बडवतो, त्यामुळे जे लिहितोय ते गिऱ्हाईकाच्या बाजूने आहे. सगळ्याचा मुद्दा एकच, बनवणाऱ्याला वाटतं की हे कोण बघणार, ती जागा आधी बघायची. समोरून सगळंच फर्निचर चांगलं असतं.

सोबत काय न्यायचं, तर मोबाइलचा टॉर्च, मापायची टेप, फ्रिजवरचं एखादं चुंबक, आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा तो छोटा हुकवाला काटा. काटा कशाला ते सोफ्याच्या वेळी सांगतो, बायको आधी हसली होती, आता तीच आठवण करते.

आधी शब्द नीट वाचा

फिनिश हा शब्द दिसला की थांबायचं. सागवान फिनिश म्हणजे सागवान नव्हे, सागवानासारखा दिसणारा कागद किंवा सनमायका. आणि इंजिनियर्ड वूड ह्या भारदस्त नावाखाली पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-कपच्या गोंदात दाबून केलेली फळी), एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली), प्लायवूड (पातळ थर चिकटवून केलेलं) सगळंच खपतं, म्हणून सेल्समनला सरळ विचारायचं की यातलं नेमकं काय. तो "सर, इंजिनियर्ड आहे, एकदम स्ट्राँग" असं म्हणाला तर समजून जा की त्यालाही माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

आपणच बघावं हे बरं, आणि बघायला सोपं आहे. फळीची जी कड पट्टी न लावता उघडी राहिलीय ती शोधा, म्हणजे वायर जायला पाडलेलं भोक, बिजागरीची वाटी बसवलेली जागा, कपाटाची मागची खालची कड. तिथे टॉर्च मारा. राजगिऱ्याच्या चिक्कीसारखं कणाकणांचं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. एकसारखं गुळगुळीत, जाड पुठ्ठ्यासारखं तपकिरी दिसलं तर एमडीएफ. थरावर थर दिसले तर प्लाय. आत लाकडाच्या जाड पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या दिसल्या तर ब्लॉकबोर्ड.

पार्टिकल बोर्ड म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोन वर्षांसाठी हिंजवडीत भाड्याने राहताय, नंतर विकून टाकणार, तर घ्या की खुशाल. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा, त्याला पाणी चालत नाही, आणि एकदा खोलून परत जोडलं की स्क्रूची पकड पहिल्यासारखी राहत नाही. म्हणजे ज्याची दर ११ महिन्यांनी घर बदलायची पाळी येते त्यानेच हे सोयीचं म्हणून घ्यायचं आणि शिफ्टिंगमध्ये त्याचाच बळी द्यायचा, अशी गंमत आहे.

आणि ते "उचलून बघा साहेब किती जड आहे" याला भुलू नका. जड म्हणजे दणकट हा आपला जुना समज, तो शिसवी पलंगांच्या काळात खराही असेल. पण एमडीएफचं वजन घनमीटरला साधारण ७०० किलो किंवा त्याहून जास्त भरतं आणि सागवानाचं ६५० च्या आसपास. त्यामुळे जड टेबल उचलून तुम्ही खूश होताय आणि आत पुठ्ठा आहे असं होऊ शकतं.

खरं लाकूड आहे का, आणि कोणतं

टेबलाच्या वरच्या फळीवरच्या रेघा बघत बघत कडेपर्यंत जा आणि मग कापलेल्या बाजूला बघा. अस्सल लाकूड असेल तर तिथे वरचंच डिझाइन दिसत नाही, वेगळं चित्र दिसतं, वरच्या रेघांना जुळणारे झाडाच्या वर्तुळांचे तुकडे आणि बारीक छिद्रं. वरचंच डिझाइन कडेवरून खाली गुंडाळलेलं दिसलं किंवा कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली तर ते व्हीनिअर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा सनमायका आहे. दुसरी खूण गाठीची. वरून गाठ दिसतेय तर वाकून खालून बघा, आसपास कुठेतरी तीच गाठ सापडायला हवी. (शोरूममध्ये टेबलाखाली शिरायला लाज वाटते, मलाही वाटायची. पैसे आपले आहेत.)

व्हीनिअर म्हणजे वाईट असं मात्र नाही हां. चांगल्या प्लायवर सागाचं व्हीनिअर लावलेला मोठा टेबलटॉप कित्येकदा अख्ख्या लाकडापेक्षा सरळ राहतो, कारण आडव्याउभ्या थरांमुळे प्लाय कमी फुगतो. फक्त तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, ओरखडा पडला म्हणून घासून काढायला गेलात की खालचा प्लाय वर येईल. आणि भाव अख्ख्या सागाचा लावला असेल तर तिथे भांडायचं.

सागवानातही भेद आहेत. बाजारात अजून सीपी सागवान म्हणतात, सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे आपल्या चंद्रपूर, गडचिरोलीकडचा आणि मध्य प्रदेशातला माल. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून लाकूड गेलं ते हेच. बाहेरून येणाऱ्या लागवडीच्या सागात बरंचसं लवकर वाढवून लवकर कापलेलं असतं, वर्तुळं रुंद रुंद, गाभा कमी. पण कुठलाही साग असो, बघायचं ते गाभ्याचं प्रमाण. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, चामड्यासारखा वास, आणि त्याला कीड सहसा लागत नाही. झाडाच्या सालीजवळचं पांढरट लाकूड मात्र कीड आवडीने खाते, आणि गंमत म्हणजे तेही सागवानच की, दुकानदार खोटं बोलत नाहीच. म्हणून गडद पॉलिश मारलेलं सागवान दाखवलं तर पायांच्या आतल्या बाजूला, सीटच्या खाली, जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथे बघा किती पांढरं आहे ते.

शिसम आणि शिसवी यातही लोक गोंधळतात. जोधपूरकडून येणारं शिसमचं फर्निचर म्हणजे शिसूचं. आपल्या आजीच्या घरातला तो काळपट, चार माणसांशिवाय न हलणारा पलंग शिसवीचा. नाती आहेत पण झाडं वेगळी, भाव तर फारच वेगळे. शिसम चांगलंच असतं, नीट सुकवलेलं असेल तर.

सुकवलेलं आहे का हे गिऱ्हाईकाला ओळखणं अवघड, पण खुणा असतात. पायांच्या टोकाला बारीक चिरा, टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये फट पडून ती भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलेली, किंवा एखादी फळी पिळलेली. एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून आरपार बघा, बंदूक धरल्यासारखं, बाक असेल तर लगेच दिसतो. आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर त्याखाली बोट फिरवा. पिठासारखी ताजी भुकटी लागली की आत पाहुणे राहतायत, ते कपाट फुकट दिलं तरी घरी आणू नका.

ऑर्डर देऊन बनवत असाल आणि लाकूड स्वतः घेणार असाल तर भाव घनफुटात असतो. हिशोब सोपा आहे, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हीचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. सात फुटी, तीन इंच बाय तीन इंच पाय असेल तर ६३ भागिले १४४, म्हणजे ०.४४ घनफूट. पुण्याच्या भवानी पेठेतला लाकूडबाजार असो की नागपूरचं लकडगंज, हे गणित तोंडपाठ दिसलं की समोरच्याचा सूर बदलतो.

ड्रॉवर

एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर ड्रॉवर तपासा, बनवणाऱ्याची सगळी नियत त्यात कळते.

टिंबर मार्केटच्या बाजूला एका दुकानात मी हे पहिल्यांदा केलं. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, तो ज्यावर सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर प्लास्टिकच्या छोट्या काळ्या पट्ट्या असतात, एक वर आणि एक खाली दाबली की ड्रॉवर सुटतो, तो जमिनीवर पालथा घातला. सेल्समन धावत आला, "सर काय झालं?" म्हटलं काही नाही, बघतोय. मालक काउंटरमागून उठून आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले, आणि तो ड्रॉवर चांगला होता म्हणून तेच मला उत्साहाने दाखवायला लागले.

काय दाखवलं, तर तळाची फळी. ती बाजूंच्या खाचेत बसवलेली असायला हवी. खालून नुसती स्टेपलच्या पिना किंवा बारीक खिळे मारून लावली असेल तर वजन पडलं की ती पिनांसकट खाली येणार, आज नाही तर गणपतीत. तळाच्या मधोमध तळहाताने दाबा, पापडासारखी लचकली तर ती ३-४ एमएमची आहे, कपड्यांना चालेल, भांड्यांना किंवा पुस्तकांना नाही, तिथे निदान ६ हवी, ९ असेल तर उत्तम. मग कोपरे. लाकडाचा ड्रॉवर असेल तर कोपऱ्यात बोटं एकमेकांत अडकवल्यासारखा सांधा म्हणजे डोव्हटेल, सगळ्यात भारी. लाकडी खुंट्या आणि गोंद, तेही ठीक. नुसते खिळे, आणि समोरची फळी दोन स्क्रूवर टांगलेली, तर रोज ओढून ओढून ती हातात येईल. मग टेप काढा आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजा, दुसरं तिरकंही मोजा. दोन्ही सारखी आली की ड्रॉवर गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. पाच मिलिमीटरचा फरक आला तर तो एका बाजूला घासणारच, मग चॅनेल कितीही महागाचं असू दे.

चॅनेलचं म्हणाल तर बॉल बेअरिंगवालं हवं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून समोरची फळी डावीकडे उजवीकडे हलवा, थोडं हलणारच, पण खडखडलं आणि खाली झुकलं तर नको. सॉफ्ट क्लोजला, म्हणजे ड्रॉवर आपोआप हळूच मिटण्याला भुलून चॅनेलचा पत्रा बघायला लोक विसरतात.

सांधे आणि डुगडुग

खुर्चीची परीक्षा सगळ्यात कडक, कारण आपण तिच्यावर मागे रेलून दोन पायांवर झुलतो, झुलू नये हे माहीत असूनही. खुर्ची पालथी घाला. पाय आणि आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे कुसू घालून सांधा केलाय का बघा, बरेच मिस्त्री त्याला साल-चूल म्हणतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत. जुने लोक वर बांबूची खुंटी ठोकायचे, ती कधी गंजत नाही. सीटच्या खाली चारही कोपऱ्यांत तिरके लाकडी ठोकळे असतील आणि ते स्क्रूने कसलेले असतील तर बनवणाऱ्याने विचार केलाय. गोंद सगळीकडे ओघळलेला आणि सांध्यात पुट्टी भरलेली असेल तर सांधा ढिला होता आणि तो झाकलाय.

मग सरळ उभी करून पाठ धरा आणि तिरकी हलवा. कुरकुर ऐकू आली तर शोरूममध्येच कुरकुरणारी खुर्ची घरी काय गप्प बसणार. डुगडुगत असेल तर आधी दुसऱ्या फरशीवर ठेवून बघा, कधी कधी दोष बिचाऱ्या फरशीचा असतो.

पलंगाला मधला पाय आहे का हे बघा, पाच सहा फूट रुंद पलंगाला तो नसेल तर मधली पट्टी वाकणारच. हायड्रॉलिकवाला, म्हणजे गादी वर उचलून खाली सामान ठेवायचा असेल तर गादीखालची फळी किती जाडीची ते मोजा आणि दांडे जिथे बसवलेत तिथली फळी बघा, सगळा ताण तिथे येतो आणि तिथेच स्क्रू उपटतात.

प्लाय घेऊन घरी बनवत असाल तर

दुकानात कमर्शियल आणि मरीन असे दोन शब्द ऐकू येतील. कागदावरची भाषा अशी, आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) मध्ये एमआर म्हणजे साधा ओलावा सोसणारा, ज्याला कमर्शियल म्हणतात, आणि बीडब्ल्यूआर म्हणजे त्याहून बरा, आणि आयएस ७१० म्हणजे बीडब्ल्यूपी, ज्याला मरीन म्हणतात. ७१० ची परीक्षा उकळत्या पाण्यात ७२ तासांची असते. किचनच्या सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून, कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर ७१० घ्या, पुण्यात बेडरूमच्या वरच्या लॉफ्टला ७१० लावून पैसे घालवू नका.

शीटवर नुसता ७१० आकडा छापलेला असून उपयोग नाही, आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीच्या लायसन्सचा नंबर हवा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये (बीआयएस म्हणजे हे चिन्ह देणारी सरकारी संस्था) टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते येतं, दुकानात उभ्या उभ्या होतं. मग शीटची कड बघा, थरांमध्ये फटी, मध्येच गायब झालेला थर, एकावर एक चढलेले थर, हे सगळं नको. टेपने जाडी मोजा, १९ एमएम सांगून १७ देणं हा जुना खेळ आहे. शंका असेल तर हातभर तुकडा मागून आणा आणि घरी जुन्या पातेल्यात काही तास उकळवा. हलका माल तेवढ्यातच पानं उलगडावी तसा सुटतो. त्याने ७२ तासांचं सर्टिफिकेट मिळत नाही, पण खोटा मरीन पकडला जातो. स्वयंपाकाच्या पातेल्यात उकळवू नका, गोंदाचा वास जात नाही, अनुभव आहे.

सोफा आणि तो काटा

सोफ्यात सगळं झाकलेलं, म्हणून फसवायला सगळ्यात सोपा. पुढचा एक पाय धरून सहा इंच उचला. दुसरा पुढचा पाय लगेच वर आला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला आणि सोफा मध्येच पिळला तर सांगाडा तकलादू. मग सोफा पाठीवर कलंडवून खाली लावलेलं काळं कापड बघा, त्याची एका बाजूची पिन काढून आत टॉर्च मारू द्याल का असं विचारा, नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. आत साली लागलेलं पॅकिंगचं लाकूड दिसलं तर दुसरं दुकान. स्प्रिंग किंवा पट्टे किती अंतरावर आहेत ते हाताने चाचपा.

आता काटा. फोमची डेन्सिटी ३२, ४० असं सांगतात, ते म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. म्हणजे तोलून कळतं! २४ बाय २४ इंच आणि ५ इंच जाडीचं सीट कुशन घ्या, ते सुमारे ०.०४७ घनमीटर होतं. ३२ डेन्सिटीचं असेल तर कव्हर काढून दीड किलोच्या आसपास भरायला हवं, ४० चं असेल तर एक किलो ९०० ग्रॅम. मला एका ठिकाणी ३२ सांगितलेलं कुशन ९०० ग्रॅम भरलं, मी काही बोललो नाही, काटा फक्त सेल्समनकडे वळवला. फार जास्त वजन आलं तर चेन उघडून बघा, रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम असेल, तो तळाला ठीक, वर बसायला दगड. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, ४० चा फोम मऊही असतो, टिकतो जास्त एवढंच. बसून बघताना दहा मिनिटं बसा, अगदी पुढच्या कडेवर पण बसा, पायातले मोजे घालताना बसतो तसं.

लोखंडी कपाटाचं थोडक्यात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, २२ पेक्षा २० जाड, हे उलटं आहे म्हणून लोक फसतात. दाराच्या मधोमध दाबलं की "टुबुक" आवाज आला तर पातळ. स्टेनलेस स्टील असेल तर चुंबक लावून ते ३०४ ग्रेडचं आहे का बघतात, चिकटलं नाही की ३०४ समजतात, पण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं पण चुंबकाला धरत नाही, त्यामुळे त्या परीक्षेचा अर्धाच उपयोग. कोकणात गंज कोणाला लवकर येतो तर २०२ ला, तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घ्यायचा.

बिलावर लिहून घ्यायचं हे सगळ्यालाच लागू. "सागवान पलंग" एवढंच नको, कुठला भाग सागवान, कुठला प्लाय, प्लायचा आयएस नंबर आणि जाडी, फोमची डेन्सिटी, सगळं. जे तोंडाने सांगितलं ते लिहायला कां कू केली तर ते तसं नाही. डिलिव्हरीवाले घाईत असतात, खाली टेम्पो उभा आहे म्हणतात, तरी सही करायच्या आधी पुन्हा एकदा ड्रॉवर काढून पालथा घाला, शोरूममधला पीस आणि गोडाऊनमधून आलेला पीस जुळे भाऊ असतातच असं नाही.

आणि खऱ्या लाकडाचं घेतलंत तर पहिल्या पावसाळ्यात ड्रॉवर किंवा दार अडकेल, लाकूड आडवं फुगतं. लगेच मिस्त्रींना बोलावून रंधा मारून घेऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा, बहुतेक वेळा आपोआप सुटतं. आमच्या साइड टेबलाचा ड्रॉवर मी जुलैमध्येच घासून घेतला होता, आता तो जानेवारीत इतका सैल होतो की रस्त्यावरून ट्रक गेला तरी खडखडतो.